रांगेतला सतरावा

आमच्या मंडळीला जानेवारीत पन्नास वर्षं पुरी होणार होती. मंडळी म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. राहुरी तालुक्यात, देवळाली प्रवरेपासून थोडं आत, उसाच्या दोन फडांच्या मधे पत्र्याचं छप्पर असलेली एक लांबट खोली. वर क्रूस, आत सतरंज्या, मागच्या भिंतीला म्हाताऱ्यांसाठी चार बाकं. रविवारी पस्तीस-चाळीस माणसं. आम्ही बॅप्टिस्ट. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती माणसं पुष्कळ, पण बहुतेक दुसऱ्या मिशनांची. त्यांच्यात तान्ह्या लेकराच्या कपाळावर पाणी शिंपडलं की बाप्तिस्मा झाला. आमच्यात तसं चालत नाही. जाणत्या वयात, स्वतःच्या तोंडाने साक्ष देऊन, साऱ्या मंडळीसमोर माणूस पाण्यात पुरा बुडून वर आला पाहिजे. मगच तो सभासद आणि मगच त्याला प्रभुभोजनातली भाकर. यात तडजोड नाही. बाकी सगळ्यात आहे.

या मंडळीचा मी बावीस वर्षं सेक्रेटरी होतो. पोटापाण्याला नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये तपासनीस आहे. दिवसभर लोखंडी शाफ्ट मोजायचे आणि मापात बसत नसेल तो बाजूला टाकायचा. बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगी पुण्यात असते, रविवारी फोन करते, "जेवलात का" विचारते, मी "हो" म्हणतो. पहिल्यापासून मी कमी बोलणारा. गावात असा समज आहे की कमी बोलणारा माणूस विचारी असतो. त्या समजावर मी पुष्कळ वर्षं काढली.

पन्नासाव्या वाढदिवसाची पहिली बैठक दिवाळीनंतरच्या रविवारी, उपासना झाल्यावर, तिथेच सतरंजीवर बसली. आम्ही चौघंच होतो. पाळकसाहेब, जे वयाने माझ्या मुलीपेक्षा थोडेच मोठे आहेत. निवृत्त शाळामास्तर, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात. महिला मंडळाच्या अध्यक्ष मावशी. आणि वही घेऊन मी.

गुरुजींनी प्रमुख पाहुण्यांची यादीच करून आणली होती. मावशींनी ती पुरी वाचू दिली नाही.

"पाव्हणे नका आनू बाबा. पंचविसाव्याला आनले हुते ना? चौघांनी भाषनं केली आन् तवर पुऱ्या चामड्यावानी झाल्या."

"मग करायचं काय? नुसतं जेवून जायचं?"

"जेवून जायला काय झालं? तुमी कव्हा न जेवता गेलाय?"

पाळकसाहेब हसले आणि म्हणाले, त्यांच्या मनात एक आहे. जानेवारीत रब्बीच्या पाण्याचं आवर्तन असतं, पाट भरून वाहत असतो. सगळ्या मंडळीने गात गात पाटावर जायचं, पुलाच्या खालच्या अंगाला, जिथे सुरुवातीचे बाप्तिस्मे झाले. आणि ज्यांचे तिथे झाले, त्यांच्यातल्या हयात माणसांनी काठावर उभं राहून साक्ष द्यायची. शाल नाही, भाषण नाही. ज्याने त्याने आपली हकिकत सांगायची.

कल्पना सुरेखच होती. आमच्याकडे बाप्तिस्म्याचा मुहूर्त कायम पाटाच्या पाण्याने ठरत आला आहे. बाकीच्यांचे सण पंचांगावर, आमचा पाटबंधारे खात्यावर. पाणी सुटलं की निरोप फिरायचा, आणि बंद व्हायच्या आत जे काय ते उरकायचं.

"मंग आमच्या ह्यांचा किस्सा यालाच सांगू द्या," मावशी माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "मी मेली तव्हा माहेरी बाळंतीन. हा रांगेत शेवटी हुता. यानं डोळ्यांनी पाह्यलंय."

तिघंही माझ्याकडे बघून हसत होते, प्रेमानेच. मी वहीत लिहिलं : पाटावर साक्ष – सेक्रेटरी. माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशीही चांगलंच आलं.

तो किस्सा आमच्या मंडळीत लहान मुलालाही पाठ आहे. दरवर्षी वाढदिवसाला कुणीतरी सांगतं आणि दरवर्षी लोक तेवढेच हसतात. उन्हाळी आवर्तनाचं पाणी होतं. बाप्तिस्म्याला आम्ही सतरा जण होतो आणि मी सतरावा, सगळ्यांत लहान, अकरावीत शिकणारा. पांढरे कपडे घालून काठावर रांगेत उभे. पाण्यात त्या वेळचे म्हातारे पाळक, अंगाने काडी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. माझ्यापुढे सोळावे मावशींचे मालक. ते तालमीत गेलेले, दरवाजाएवढे. पाळकांनी एक हात त्यांच्या पाठीशी आणि एक छातीवर ठेवला, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने म्हटलं, मागे झुकवलं, आणि तळाच्या शेवाळावरून दोघांचेही पाय सटकले. पाळक खाली, पैलवान वर. दोघंही पाण्याखाली आणि पाण्याला ओढ. काठावरच्या सगळ्यांनी उड्या टाकल्या. पाच-सहा वाव पुढे जाऊन दोघांना बाहेर काढलं. "आमचे हे बाप्तिस्मा घ्यायला गेले आन् पाळकाला देऊन आले," असं मावशी म्हणतात. लोक इथे हसतात आणि किस्सा संपतो.

मी तो आज पुढे सांगतो.

पुलाच्या कठड्यावर माझ्या वर्गातली पोरं बसली होती. "ए, म्हशी संपल्या का रे? आता माणसं धुवायला काढली?" असं मघापासून चाललं होतं. माझी पाळी जवळ येत होती तसे माझे कान तापत होते. उद्या शाळेत ही पोरं काय करतील याचाच मी विचार करत होतो, देवाचा नाही. मग तो गोंधळ झाला. सगळ्यांबरोबर मीही पाण्यात शिरलो, छातीपर्यंत, कुणाच्या तरी सदऱ्याला धरून ओढलं. अंगावर, डोक्यावर पाणी उडालं. बाहेर आलो तेव्हा मी बाकीच्या सोळांइतकाच निथळत होतो.

पाळकांचा चष्मा वाहून गेला होता. खोकत खोकत ते काठावर बसले आणि त्यांनी विचारलं, "झाले का सगळे?"

कुणीतरी म्हणालं, "झाले, झाले."

ते उठले, अंदाजाने एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत गेले, शेवटी माझ्याही ठेवला. प्रार्थना झाली. वडिलांनी मला टॉवेलात गुंडाळलं. माझे वडील कधी असलं काही करणाऱ्यातले नव्हते. त्यांचे डोळे भरलेले होते. "गारठलास का रे?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो.

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं. पोरांसमोर माझी पाळी आली नाही, याचंच.

पुढच्या पाण्याला सांगू, असं ठरवलं. पुढचं पाणी आलं, तेव्हा वडील आजारी होते. त्याच्या पुढच्या पाण्याला मला बारावीचं कारण होतं. मग लग्नाची बोलणी निघाली आणि मुलीकडच्यांना मुलगा सभासद हवा होता. नोंदवहीत माझं नाव होतंच. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी भाकर घेत राहिलो. काळ्या मनुका उकळून आमच्यात प्याल्यासाठी रस करतात, तोही घेत राहिलो. सुरुवातीला घशात अडकायचा, नंतर अडकेनासा झाला. मग मंडळीच्या पंचांमध्ये निवडून आलो, मग सेक्रेटरी. बायकोलाही सांगितलं नाही. तिच्या शेवटच्या आजारात एका दुपारी तिने विचारलं, "तुमच्या मनात काही आहे का? मला नेहमी वाटतं, काही तरी आहे." मी तिला औषध दिलं.

कुणी म्हणेल, चांगला माणूस असलास म्हणजे झालं, पाण्याचं एवढं काय? मीही तेच म्हणून गप्प झालो असतो. पण मधे सिस्टर आल्या.

सिस्टर आमच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून आल्या आणि वीसेक वर्षं राहिल्या. लग्न केलेलं नव्हतं. मूळच्या अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या, दुसऱ्या मिशनच्या घरातल्या. त्यांच्या मिशनचं देऊळ, म्हणजे चर्च, लांब म्हणून आमच्याकडे येऊ लागल्या. आमच्या रविवारच्या शब्बाथशाळेतली निम्मी पोरं त्यांच्या हातांवर जन्मलेली. माझी मुलगीसुद्धा. पण त्यांचा बाप्तिस्मा तान्हेपणी, शिंपडून झालेला. म्हणजे आमच्या हिशेबी झालेलाच नाही. पहिल्या रविवारी भाकरीचं ताट फिरायचं तेव्हा त्या मागच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसायच्या आणि ताट त्यांच्यापुढून निघून जायचं. ताट घेऊन बहुतेक वेळा मीच असायचो. पुन्हा पाण्यात उतरा म्हणून त्यांना पुष्कळांनी सांगितलं. त्या म्हणायच्या, "माझ्या आईने मला देवाला दिलं ते खोटं होतं, असं मी कसं म्हणू?"

त्या निवृत्त व्हायच्या वर्षी त्या वेळच्या पाळकांनी सभेत विषय काढला. म्हणाले, नियमाला एक अपवाद करू. सिस्टरांना आहे त्या बाप्तिस्म्यावर सभासद करून घेऊ. निदान जाण्याआधी आपल्याबरोबर भाकर मोडू दे. माणसं विरघळली होती. मावशी तर रडतच होत्या. ठराव झालाच असता. आमच्यात असले निर्णय साऱ्या मंडळीच्या हात वर करून होतात, आणि सगळे हात वर जायच्या बेतात होते.

तेव्हा मी उभा राहिलो. एरवी कधी न बोलणारा मी. नियमावलीचं कलम वाचून दाखवलं आणि म्हणालो, "नियम एकाला एक, दुसऱ्याला एक होणार असेल तर आपल्या बाप्तिस्म्याला अर्थ काय राहिला?" मी फार बोलत नाही, म्हणून माझ्या त्या दोन वाक्यांना वजन आलं. विरुद्ध कोण विचारलं तेव्हा पहिला हात माझा. मग एकेक करत बाकीचे. ठराव तीन हातांनी पडला.

मी तसं का केलं, हे मी स्वतःपासूनही पुष्कळ वर्षं लपवलं. नियमाची चाड वगैरे काही नाही. अपवाद निघाले की चौकशा निघतील, कोणाचं कसं झालं, कुणी पाहिलं, याची मला भीती वाटली. दारात सगळ्यांत मोठ्याने "चोर, चोर" मीच ओरडलो. सिस्टर पुढच्या रविवारी आल्या नाहीत. महिन्याभराने सामान टेम्पोत घालून गावी गेल्या. त्यालाही आता बारा वर्षं झाली.

वाढदिवसाच्या दुसऱ्या बैठकीत आमंत्रणांची यादी झाली. मावशी म्हणाल्या, "सिस्टरला बोलवा रे. बोलवायला तोंड न्हाई आपल्याला, तरीबी बोलवा." गुरुजी म्हणाले, पत्र टाका. मी म्हणालो, मी जाऊन येतो. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की केवढा मोठ्या मनाचा माणूस.

राहुरीहून संगमनेर, तिथून अकोले, पुढे जीप. जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाचं तरी कोंबडं होतं. डोंगराच्या कुशीतली भाताची खाचरं कापून झाली होती, जिथे तिथे झोडणी चालू. सिस्टर भाच्याच्या घरी राहतात. ओट्यावर सूप घेऊन बसल्या होत्या, नवे तांदूळ पाखडत. केस पार पांढरे, गुडघ्यांना पट्टे. चष्म्यातून बराच वेळ पाहिलं.

"सलाम, सिस्टर," मी आमच्या मंडळीतल्या रीतीने म्हणालो.

"सलाम. अगंबाई, सेक्रेटरी! नियमावली आणलीत का बरोबर?"

पूर्वी मला त्या अरे-तुरे करायच्या. ती "आणलीत" मला सुपातल्या खड्यासारखी लागली. मी पत्रिका पुढे केली. त्यांनी ती न वाचता बाजूला ठेवली, वर तांब्या ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून. मग मी सांगितलं. एवढ्या वर्षांचं ते चार-पाच वाक्यांत संपलं. इतकं कमी होतं ते, याचंच मला आश्चर्य वाटलं.

त्यांचा हात थांबला नव्हता. पाखडून झालं, सूप खाली ठेवलं, मग म्हणाल्या, "म्हणजे पुरता बुडालाच नाहीस कधी."

"नाही."

"हात तरी ओला झाला होता ना? जो वर केलास तो?"

त्या हसल्या. मीही हसलो असतो, पण त्यांचं हसणं मधेच थांबलं.

"तुला एक सांगते. त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी हात वर केले, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ज्यांची बाळंतपणं केली त्या बायकासुद्धा सतरंजीकडे बघत होत्या. तू एकटा सरळ माझ्याकडे बघत होतास. मला वाटलं, याचा विश्वास पक्का आहे बाबा. याला माझं वाईट वाटतंय, तरी हा आपल्या देवाशी इमान राखतोय. मी तुझ्यावर चिडले होते, पण तुला मान दिला होता. बारा वर्षं इथे एकटी प्रार्थनेला बसते, तेव्हा स्वतःला सांगत आले की मला बाहेर ठेवलं ते निदान एका खऱ्या माणसाने." त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "आता तेही घेऊन चाललास."

मी म्हणालो, "मला माफ करा, सिस्टर."

"मला सांगून काय होणार? मी कुठे तुमची सभासद आहे? मंडळीची गोष्ट मंडळीत सांग. इथे येऊन डोंगराला सांगितल्यासारखं करू नकोस." मग उठत, ओट्याच्या खांबाला धरत त्या म्हणाल्या, "भात टाकलाय. जेवून जा. तीनची जीप चुकली तर मुक्काम पडेल, आणि मला तू मुक्कामाला नकोयस."

त्यांनी गरम भात आणि आमटी वाढली. दोनदा वाढली. निघताना फक्त माझा मोबाईल नंबर कागदावर लिहून घेतला. कशाला, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सभासदांची सभा होती. कार्यक्रमपत्रिका मीच लिहिलेली. मंडप, स्वयंपाक, पाटावर जाताना म्हाताऱ्यांसाठी टेम्पो, फ्लेक्सवर कुणाकुणाचे फोटो. सगळे विषय रीतसर झाले. शेवटी असतं ते "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय." मी परवानगी मागितली आणि उभा राहिलो.

मी पुलापासून सुरुवात केली. मावशी लगेच हसायला लागल्या. त्यांना वाटलं, मी पाटावरच्या साक्षीची तालीम करतोय. त्यांच्याबरोबर बाकीचेही हसले. पाळक पाण्याखाली जातात तिथे खोली नेहमीसारखी खदखदली. मग मी थांबलो नाही, पुढचं सांगितलं. हसू एकाएकी गेलं नाही. एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं. सगळ्यांत शेवटी मावशींच्या.

पहिल्यांदा गुरुजी बोलले. "अरे, पण हे आत्ताच कशाला? एवढी वर्षं थांबलास, जानेवारी होईतो थांबायचं होतंस. पत्रिका छापून आल्यात."

मागून कुणीतरी विचारलं, "मग यांच्या सहीने लागलेली लग्नं?" एक बाई म्हणाली, "त्यांच्या हातनं भाकर घेतली आपण." पाळकसाहेब बिचारे घाबरले होते. त्यांनी हात जोडल्यासारखे केले. "काका, यावर उपाय सोपा आहे. जानेवारीत आपण पाटावर जाणारच आहोत. तेव्हाच तुमचा बाप्तिस्मा करू. उलट सोहळा अधिक…"

"यादगार होईल," गुरुजींनी पुरं केलं. त्यांचा चेहरा खुलला. "फ्लेक्सवर टाकता येईल."

मी नको म्हणालो. जे लाजेपोटी राहिलं ते सोहळ्यापोटी उरकलं तर त्यात फरक काय, हे मला नीट मांडता आलं नाही. नुसतं "आत्ता नको" एवढंच आलं तोंडातून. आणि म्हणालो, माझं राहू द्या. सिस्टरांचा ठराव पुन्हा घ्या. मी तो मांडतो.

गुरुजींनी नियमावली उघडली. ते वाईट माणूस नाहीत. त्यांना कागद दिसला की वाचावासा वाटतो. "तुला मांडता येणार नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "ठराव सभासदानेच मांडावा लागतो."

मी खाली बसलो. सेक्रेटरीची वही माझ्या हातात होती, ती पुढे सरकवली. कुणी घेईना. शेवटी पाळकसाहेबांनी उचलली.

मग मावशी म्हणाल्या, "मी मांडते. लिवा माझं नाव." आवाज नेहमीचा नव्हता. ठराव झाला. किती हात आले ते मी पाहिलं नाही. सिस्टरांना पत्र गेलं : मंडळीने त्यांना आहे त्या बाप्तिस्म्यावर सभासद करून घेतलं आहे, पन्नासाव्या वाढदिवसाला भाकर मोडायला यावं. उत्तर आलं नाही.

त्यानंतर मला कुणी टाकून बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. उपासनेनंतर माणसं माझ्याशी उसाबद्दल बोलत, थंडीबद्दल बोलत. जानेवारीच्या पहिल्या रविवारी ताट माझ्यापर्यंत आलं तेव्हा धरणारा गोंधळला, पुढे करू का नको, म्हणून मीच उठून बाहेर चपलांपाशी जाऊन उभा राहिलो. एकदा मावशी भेटल्या. त्यांना एवढंच म्हणालो, "मावशी, चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "तुझं तू अन् देव बघा. पन आमचे हे गेल्यापासून वर्सातनं एकदा लोक त्यांचं नाव काडून हसायचे. आता कोन हसल?"

वाढदिवसाचा दिवस चांगला उजाडला. पाट काठोकाठ होता. सकाळी अकराला सगळी मंडळी झांजा-ढोलकी घेऊन, गात, पाटाकडे निघाली. मला कुणी थांब म्हणालं नाही, चल असंही म्हणालं नाही. स्वयंपाक तयार होता आणि मंडपात कुत्री फिरत होती. कुणीतरी राखणीला हवंच होतं. मी थांबलो. पातेल्यांवर झाकणं घातली, द्रोण मोजून ठेवले. दूर गाणं सुरू झालं. उसामुळे माणसं दिसत नव्हती, आवाज तेवढा येत होता. मधे तो थांबला, म्हणजे साक्षी चालू झाल्या असणार. मी कान देऊन होतो. त्या तासाभरात एकदाही हसण्याचा आवाज आला नाही.

फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"पत्र मिळालं," सिस्टर म्हणाल्या. "मावशीने मांडला म्हणे ठराव. तिला माझा सलाम सांग."

"सांगतो. तुम्ही आला नाहीत."

"नाही आले. येणारही नाही. मला सभासद केलंत, चांगलं केलंत. पण ज्या खोलीत एकदा हात मोजले तिथे आता मला भाकर उतरायची नाही. राग म्हणून नाही सांगत. तेवढं नोंदवून ठेवा म्हणावं, नाही तर पुन्हा पत्र पाठवतील."

"मी आता सेक्रेटरी नाही, सिस्टर."

"अस्सं. सभासद?"

"तोही नाही."

"मग आज तिथे तू आहेस तरी कोण?"

उसातून माणसं परतताना दिसू लागली होती. पुढे पोरं होती, भूक लागल्यावर पळतात तशी पळत.

"वाढपी," मी म्हणालो.

तिकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग गरम आहे तोवर वाढ."